एक्सेलवरचे तोडगे

मॅक्रोचं बटण दाबलं आणि मॅक्रोबरोबर अख्खं एक्सेलच उडालं, की ऑफिसात पुढची पाच मिनिटं जे घडतं ते पाहून परक्या माणसाला वाटेल, इथे संगणकाची दृष्ट काढणं चाललं आहे. शेजारच्या टेबलावरून सूचना येते, ‘प्रिंटर बदलून बघ.’ पलीकडून कोणी म्हणतं, ‘ही फाइल बंद कर. आधी मास्टर फाइल उघड, मग ही उघड.’ तिसरा सांगतो, मॅक्रोत मध्येच कुठेतरी एक मेसेज बॉक्स टाक, त्यात काहीही लिही, मग नाही उडत. अकाउंट्समधल्या मॅडमचं निदान तयार असतं : शीटला मराठी नाव दिलंस ना, म्हणून. आणि निवृत्तीला आलेले सर्वांत अनुभवी गृहस्थ मान न वळवता म्हणतात, ‘सगळं एकदा बंद करून चालू कर.’ यांतल्या कोणालाही ‘असं का?’ विचारलं तर उत्तर एकच : ‘ते नाही सांगता येणार, पण होतं.’ महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा एक्सेल त्याच्या कक्षेबाहेर राहिलं ही या मंडळींची पुण्याई. पण माझं म्हणणं उलटं आहे. या लोकांना अंधश्रद्धाळू ठरवणं अन्यायाचं होईल. त्यांचे तोडगे बहुतेक सगळे खरे आहेत, हरवलेली आहेत ती कारणं. अंधश्रद्धा ऑफिसात नाही असं नव्हे. ती आहे, पण मॅक्रोच्या कोडमध्ये, चांगल्या इंग्रजीत आणि मोठ्या प्रतिष्ठेने बसलेली आहे.

प्रिंटरचा तोडगा सर्वांत हास्यास्पद वाटतो, म्हणून आधी तोच घेऊ. मॅक्रो करतोय काय, तर पगारपत्रकाच्या बेरजा मारून समास सारखे करतोय. कागदावर छापायला अजून कोणी सांगितलेलंही नाही. मग प्रिंटर मध्ये आला कुठून? आला तो असा, की पानाची रुंदी किती, समास किती बसेल, पान कुठे तुटेल, हे एक्सेलला स्वतःचं स्वतः ठाऊक नसतं. ते डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतं. मॅक्रोत पानाच्या मांडणीच्या दहा ओळी असल्या तर दहादा विचारतं, आणि अशी चाळीस शीट असली तर चारशेदा. आता तो प्रिंटर आहे नेटवर्कवर, तिसऱ्या मजल्यावर, साहेबांच्या केबिनबाहेर, आणि दुपारी चहाची किटली लावायला कोणीतरी त्याचा प्लग काढलेला आहे. एक्सेल विचारतं, उत्तर येत नाही, एक्सेल ताटकळतं, आणि खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं. ‘प्रिंट टू पीडीएफ’ हा प्रिंटर डीफॉल्ट करून ठेवणारा क्लार्क म्हणूनच सुखी असतो : त्याचा प्रिंटर त्याच्याच मशीनमध्ये राहतो, त्याला प्लग नाही आणि साहेबही नाही. पुढे एक्सेल २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘प्रिंटकम्युनिकेशन’ नावाची सोय दिली. प्रिंटरशी चाललेली बोलाचाली तात्पुरती थांबवायची आणि सगळं शेवटी एकदम विचारून घ्यायचं, एवढाच तिचा अर्थ. कंपनीने तोडगा अधिकृतपणे मान्य केल्याचं याहून चांगलं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

‘आधी मास्टर फाइल उघड’ हे तर थेट मुहूर्ताच्या जातीचं वाटतं. कोणती फाइल पहिली उघडली यावर मॅक्रोचं भवितव्य ठरतं, असं म्हणणाऱ्या माणसाला आपण सभ्यपणे हसू आणि विषय बदलू. पण एक्सेलमध्ये हे अक्षरशः खरं आहे. सूत्रांची आकडेमोड आपोआप करायची की सांगितल्यावरच करायची, हे एक्सेल प्रत्येक फाइलसाठी वेगळं ठरवत नाही. एक्सेल सुरू केल्यावर जी फाइल पहिली उघडली तिच्यात जे साठवलेलं असेल, ते मागून येणाऱ्या सर्व फाइलींना लागू होतं. मास्टर फाइल कोणे एके काळी एखाद्या शहाण्या माणसाने ‘मॅन्युअल’वर ठेवून सेव्ह केलेली असते. ती आधी उघडली, की मॅक्रो वीस हजार सेल भरतो आणि एक्सेल गप्प राहतं. ती आधी उघडली नाही, की प्रत्येक सेल भरल्यावर एक्सेल त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी सूत्रं पुन्हा मोजायला बसतं, म्हणजे वीस हजार वेळा बसतं. मग ते हँग होतं यात नवल नाही. मध्ये उठत कसं नाही याचं नवल करावं. अर्थात या तोडग्याला त्याची किंमत आहे. मॅन्युअलवर असताना बेरजा जुन्याच दिसतात, आणि नव्या पगारासमोर गेल्या महिन्याची एकूण रक्कम छापून जाते. म्हणून छापण्यापूर्वी एफ-९ दाबायचं, हा त्या तोडग्यावरचा उतारा. दोन्ही मिळून जो विधी होतो तो संपूर्ण शास्त्रशुद्ध आहे, फक्त ऑफिसातल्या कोणालाही तो सिद्ध करता येत नाही.

‘बंद करून चालू कर’ हा वडीलधारा सल्लाही वाटतो तेवढा आळशी नाही. शीटमधला सेल बदलला की आपोआप चालणारे मॅक्रो असतात. असा मॅक्रो स्वतःच त्या शीटमधला सेल बदलतो, त्यामुळे तो पुन्हा चालतो, पुन्हा सेल बदलतो, आणि हे चक्र एक्सेलचा जीव जाईपर्यंत चालतं. कधी ‘आउट ऑफ स्टॅक स्पेस’ एवढं बोलून ते थांबतं, कधी एक शब्द न बोलता जातं. यावर जाणकारांचा उपाय म्हणजे मॅक्रोच्या सुरुवातीला ‘एनेबलइव्हेंट्स’ बंद करायचं आणि शेवटी चालू करायचं. उपाय उत्तम, पण मॅक्रो मध्येच चुकून थांबला तर शेवट येतच नाही. मग एक्सेल जिवंत राहतं आणि त्याला काहीच ऐकू येत नाही. सेल बदला, काही करा, एकही मॅक्रो जागा होत नाही. ही सोय फाइलीत साठत नाही, एक्सेल सुरू होताना ती दर वेळी नव्याने चालू असते. म्हणजे ‘बंद करून चालू कर’ हा या विकारावरचा नेमका उपाय आहे. तो सांगणाऱ्या गृहस्थांना या घटनेचं नावही माहीत नसेल, पण त्यांचं निदान इंजिनिअरपेक्षा लवकर झालं हे मान्य करावं लागतं.

मेसेज बॉक्सची गोष्ट याहून गमतीची. मॅक्रो एकेक ओळ चालवून बघायची असेल तर एफ-८ दाबत जायचं, असं शिकवतात. माणूस एफ-८ दाबत जातो आणि मॅक्रो अगदी सुतासारखा सरळ चालतो. एफ-५ दाबून एका दमात चालवला की उडतो. यात भुताटकी नाही. मॅक्रोने दुसऱ्या ठिकाणची माहिती मागवलेली असते आणि ती मागच्या मागे येत असते. मॅक्रोची पुढची ओळ मात्र माहिती आली आहे असं धरून चालते. माणसाच्या बोटाला दोन ओळींच्या मध्ये अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात माहिती पोचते. मेसेज बॉक्स हेच करतो. तो ‘ओके’ मागतो, माणूस चष्मा सावरून माउस शोधतो, तोवर सगळं जागेवर आलेलं असतं. बॉक्समध्ये ‘काम चालू आहे’ लिहिलं काय किंवा ‘जय महाराष्ट्र’ लिहिलं काय, गुण सारखाच येतो, कारण गुण मजकुरात नसून थांबण्यात आहे. काही मंडळी याच कामासाठी ‘डूइव्हेंट्स’ हा शब्द कोडमध्ये जागोजागी पेरतात, म्हणजे एक्सेलला सांगतात, दम घे, बाहेर कोण आलंय बघ, मग पुढे जा. हा थोडा उच्चशिक्षित मेसेज बॉक्स. खरा उपाय म्हणजे माहिती मागवताना ‘मागच्या मागे नको, पोचेपर्यंत मी थांबतो’ असं एका शब्दात बजावणं. पण त्यासाठी कारण माहीत असावं लागतं, आणि ते माहीत असलेल्या माणसाची बदली झालेली असते.

मॅडमचं निदान ऐकून मात्र मराठी माणसाचं रक्त तापणं साहजिक आहे. शीटला मराठी नाव दिलं म्हणून मॅक्रो पडतो म्हणजे काय? तर त्याचा अर्थ तोच आहे. एक्सेलच्या शीटवर मराठी उत्तम उमटते. पण मॅक्रोची भाषा १९९३ साली एक्सेल ५ बरोबर आली, आणि ती लिहिण्याची खिडकी एक्सेल ९७ पासून जवळजवळ होती तशीच आहे. त्या खिडकीची युनिकोडशी आजतागायत ओळख झालेली नाही. तिथे देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं. ‘मार्च पगार’ नावाच्या शीटवर मॅक्रो रेकॉर्ड केला, की रेकॉर्डर इमानेइतबारे ‘????? ????’ असं लिहून ठेवतो. काना आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजलेले असतात, पाच आणि चार, हिशेबात कसूर नाही. नंतर मॅक्रो या प्रश्नचिन्हांच्या नावाची शीट शोधायला निघतो, ती अर्थातच मिळत नाही, आणि ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’, त्रुटी क्रमांक ९, असं म्हणून तो बसकण मारतो. भाषाभिमानी माणसासाठी एक वाट आहे. प्रत्येक शीटला खाली टॅबवर दिसणाऱ्या नावाखेरीज मॅक्रोपुरतं एक आतलं नाव असतं. कोडमध्ये तेच वापरलं, तर टॅबवर मराठीच काय, मोडीत नाव द्यायची सोय झाली तरी मॅक्रोचं काही बिघडणार नाही.

कारणं हरवतात आणि विधी उरतात याची जबाबदारी फक्त ऑफिसवर टाकता येणार नाही, कारण एक्सेल स्वतःच फार परंपरानिष्ठ आहे. त्याच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे. आपल्या पंचांगात ती नाही. १९०० हे शतकी वर्ष, त्याला ४ ने भाग जातो पण ४०० ने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हतं. ही चूक १९८३ च्या लोटस १-२-३ ची. लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती समजून उमजून उतरवून घेतली. लोटस गेलं, चूक राहिली. मॅक्रोंच्या पोटातही अशाच जुन्या ठेवी पुरलेल्या असतात. ओळी मोजणारा आकडा ‘इंटीजर’ म्हणून ठेवायचा, ही एकेकाळची काटकसर; त्या डब्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. नोंदी वाढत वाढत ३२,७६८ व्या ओळीला पोचल्या, की वर्षानुवर्षं चाललेला मॅक्रो ‘ओव्हरफ्लो’ म्हणून थांबतो. ऑफिसचं स्पष्टीकरण : नवीन विंडोज टाकल्यापासून असं होतंय. ऑफिसचा तोडगा : फाइलचे दोन तुकडे करा. स्पष्टीकरण साफ खोटं, तोडगा शंभर टक्के गुणकारी. ‘इंटीजर’च्या जागी ‘लाँग’ हा एक शब्द लिहिला असता तर तुकडे करावे लागले नसते, ही गोष्ट वेगळी.

इथे विवेकवादी वाचक हात वर करणार, आणि त्याचा आक्षेप रास्त आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली की तिचा तोडगा होतो. निम्मे मॅक्रो दुसऱ्यांदा चालवले की आपोआप चालतात, मग श्रेय मधल्या वेळात ज्याने जे केलं त्याला मिळतं. कबूल. मी सगळ्या तोडग्यांची वकिली करत नाही. फाइलचं नाव बदलून ‘फायनल_नवीन_२’ ठेवल्याने मॅक्रो सुधारतो, यामागचं शास्त्र मला तरी मांडता येणार नाही. पण तोडगा खरा की खोटा हे ठरवायची रीत ऑफिसात बसून अमलात आणता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मॅक्रो चालवायचा, मग ती गोष्ट पूर्ववत करायची आणि पुन्हा उडतो का ते बघायचं. यातला शेवटचा भाग कोणी करत नाही. बरा झालेला मॅक्रो मुद्दाम आजारी पाडायला मार्चअखेरीस कोण तयार होईल? तोडग्याचं कारण हरवतं ते नेमकं इथे. प्रिंटर बदलला, मेसेज बॉक्स टाकला, एक्सेल बंद करून चालू केलं, हे तिन्ही एकदम केलं आणि मॅक्रो चालला. आता जन्मभर तिन्ही करत राहायचे.

खरी अंधश्रद्धा म्हणतो ती आता. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ ज्याला व्यावसायिक मॅक्रो म्हणतात त्यातही वरच्या बाजूला आढळते. तिचा अर्थ, काहीही चुकलं तरी बोलू नकोस, पुढच्या ओळीवर जा. ही ओळ टाकली की त्रुटीचे सगळे निरोप बंद होतात आणि मॅक्रो दुरुस्त झाल्याची भावना पसरते. शीट सापडली नाही, तरी पुढे. भागाकार शून्याने झाला, तरी पुढे. शेवटी ‘काम पूर्ण झाले’ हा बॉक्सही येतो. प्रिंटर बदलणारा क्लार्क निदान मॅक्रो चालला की नाही हे पाहतो. ही ओळ लिहिणाऱ्याने पाहण्याची वाटच बुजवलेली असते. आणि गप्प राहणारं एक्सेल उडणाऱ्या एक्सेलपेक्षा किती महाग पडतं हे इंग्लंडने २०२० साली पाहिलं. पब्लिक हेल्थ इंग्लंड प्रयोगशाळांकडून आलेले कोरोना चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस साच्यात ओतत होतं. त्या साच्यात ६५,५३६ ओळींहून जास्त मावत नाही, आणि एकेका रुग्णाच्या बऱ्याच ओळी होत असल्याने एका फाइलीत साधारण १,४०० रुग्णच बसत. उरलेले गळून गेले. काही कोसळलं नाही, कोणी ओरडलं नाही, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. त्या वेळी एक्सेल धाडकन उडालं असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी ‘प्रिंटर बदलून बघ’ म्हणालं असतं, आणि निदान फाइलकडे लक्ष तरी गेलं असतं.

दुसरी अंधश्रद्धा ताइताच्या स्वरूपात आहे. काही मॅक्रो एक्सेलच्या बाहेर जाऊन थेट विंडोजच्या फंक्शनना हाक मारतात. २०१० पासून ऑफिस ६४ बिटांतही मिळू लागलं, आणि २०१९ पासून मुळात तेच बसवलं जातं. जुने मॅक्रो तिथे चालायला नकार देतात आणि सांगतात, या ओळीवर ‘पीटीआरसेफ’ असं लिहा. लोक सगळीकडे ‘पीटीआरसेफ’ लिहितात आणि नकार थांबतो. पण हा शब्द काहीही सुरक्षित करत नाही. ‘मी तपासलं आहे, सुरक्षित आहे’ अशी लिहिणाऱ्याने दिलेली ती लेखी हमी आहे, आणि एक्सेल तिच्यावर निमूट विश्वास ठेवतं. आत मेमरीचा पत्ता ठेवायला अजूनही ‘लाँग’ वापरलेलं असतं, त्यात ३२ बिट मावतात, पत्ता ६४ बिटांचा. वरचा अर्धा भाग कापला जातो. मग एक्सेल स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या मेमरीत पाय ठेवतं आणि विंडोज त्याला जागच्या जागी संपवतं. त्रुटी क्रमांक नाही, पिवळी ओळ नाही, काही नाही. एक्सेल खऱ्या अर्थाने उडतं ते बहुधा अशा वेळी. ‘लाँग’च्या जागी ‘लाँगपीटीआर’ लिहायचं होतं, पण ताईत बांधल्यावर पथ्य पाळतो कोण?

यावर दोन घाईची उत्तरं नेहमी मिळतात. एक, आयटीवाल्यांना बोलवा. ते येतात आणि ऑफिस काढून पुन्हा बसवतात. हा सगळ्यांत मोठा तोडगा. त्यात एका झटक्यात शंभर गोष्टी बदलतात, त्यामुळे नेमकं काय सुधारलं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. बिघाड जोडलेल्या एखाद्या ॲड-इनमध्ये असेल, तर कंट्रोलची कळ दाबून धरून एक्सेल उघडलं की ते सेफ मोडमध्ये, ॲड-इन बाजूला ठेवून उघडतं, आणि दोन मिनिटांत तेवढं कळतं. दुसरं उत्तर, एआयला विचारा. जरूर विचारा. त्याला कोड दिसतो आणि कोडमधली चूक ते बऱ्याचदा बरोबर दाखवतं. तिसऱ्या मजल्यावर किटली लावली आहे हे त्याला कोण सांगणार? ते आपल्यालाच सांगावं लागतं, आणि सांगायचं सुचावं एवढी कारणाची जाण असेल तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

तेव्हा वाचकहो, एक्सेल उडालं तर तोडगा खुशाल करा, पण फाइलच्या प्रतीवर करा, आणि एका वेळी एकच करा. मॅक्रोचा अर्धा भाग कॉमेंट करून बाजूला काढा. उरलेल्या भागात चूक नसेल तर ती दुसऱ्या अर्ध्यात. दोष एकाच ओळीत असेल तर चारशे ओळींच्या मॅक्रोला असे नऊ वेळा अर्धे केले की पुरतात. कुठवर पोचला हे कळण्यासाठी प्रत्येक टप्प्याला एका टेक्स्ट फाइलमध्ये ओळ लिहून ती फाइल लगेच बंद करायला सांगा, कारण एक्सेलच्या आतल्या खिडकीत लिहिलेलं एक्सेलबरोबरच जातं. कारण सापडलं की ते त्याच ओळीच्या वर, तारखेसकट लिहून ठेवा, आणि रोमन लिपीत लिहा, देवनागरीत लिहिलंत तर मागून येणाऱ्याच्या वाट्याला प्रश्नचिन्हंच येतील. आणि बटण दाबण्याआधी सेव्ह करायला विसरू नका. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेड दाबून मागे जात नाही.